मण्यार चावलेला माणूस ऐकत असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की जिल्ह्याच्या पानावर सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात. घोणस किंवा फुरसे चावल्याच्या बातमीत सूज, रक्तस्राव असा काही तपशील तरी असतो. मण्यारच्या बातमीचा साचा मात्र ठरलेला. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला काहीतरी चावले, पहाटे पोटात दुखू लागले, दवाखान्यात नेईपर्यंत तो बेशुद्ध पडला आणि उपचारापूर्वीच दगावला. यातले ‘बेशुद्ध पडला’ बहुतेक वेळा खरे नसते. त्या मुलाला डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही, बोटही हलवता येत नाही. पण आईचे रडणे त्याला ऐकू येत असते, आणि ‘संपलं आता, घरी न्या’ म्हणणाऱ्याचा आवाजही. असे का होते हे समजले की त्याला वाचवायचे कसे हेही समजते, म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे ही विनंती.

हालचालीचा हुकूम शरीरात कसा जातो ते आधी पाहू. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून रेघ ओढली, तर साधारण तिच्याखाली मेंदूच्या सालीचा एक पट्टा येतो. हुकूम निघतो तो तिथून. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या खालच्या टोकाला, यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली की उजवा हातपाय लुळा पडतो. मज्जारज्जूत हा तंतू संपतो आणि दुसरी चेतापेशी हुकूम हातात घेते. तिचा तंतू मज्जारज्जूतून बाहेर पडून थेट स्नायूपर्यंत जातो, पायाच्या बाबतीत जवळजवळ मीटरभर. असे तंतू घेऊन मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. डोळे, चेहरा, घसा, जीभ यांच्यासाठी मेंदूतूनच निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या. त्यांतल्या काही फक्त वास, दृष्टी, ऐकणे अशा आत येणाऱ्या बातम्यांसाठी आहेत. स्पर्श, वेदना, आवाज यांच्या वाटा अशा स्वतंत्र असतात, आणि त्या वाटांवर स्नायू कुठेच लागत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवरून उलगडते.

तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी, फट असते. विजेचा संदेश तंतूच्या टोकाला पोचला की तिथल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलीन हे रसायन फटीत सांडते. एकेका पिशवीत त्याचे काही हजार रेणू असतात. पलीकडे स्नायूच्या पडद्यावर ते पकडणारी ग्राहके दाटीने बसलेली असतात. रेणू ग्राहकावर बसला की स्नायू आखडतो आणि फटीतलेच एक विकर तो रेणू हजारांश सेकंदात मोडून टाकते. संदेश गेला, जागा साफ. चालताना, बोलताना, श्वास घेताना हे सेकंदाला कित्येक वेळा चाललेले असते.

मण्यारचे विष नेमके या फटीवर येते, आणि दोन्ही काठांवर. त्यातला बीटा-बंगारोटॉक्सिन हा घटक तंतूच्या टोकावर हल्ला करतो. आधी पिशव्या रित्या होतात, मग ते टोकच नष्ट होते. अल्फा-बंगारोटॉक्सिन पलीकडच्या ग्राहकांवर ठाण मांडते. हे दोन्ही घटक १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या पट्टेरी मण्यारच्या विषातून वेगळे केले. पुढे त्यातल्या अल्फा घटकाच्या मदतीनेच ॲसिटिलकोलीनचे ग्राहक हाती लागले, आणि मायस्थेनिया या आजारात शरीर स्वतःच्याच ग्राहकांवर कसे उठते, हे १९७३ मध्ये उमगले. ज्या विषाने माणूस मरतो त्याने एवढी विद्या दिली, पण ती विद्या आपल्या तालुक्यापर्यंत पोचलेली नाही.

नागाच्या विषातला मज्जासंस्थेवर चालणारा भाग मुख्यतः पलीकडच्या काठावर काम करतो. कुलपाच्या भोकात काडी मोडून बसावी तसा तो ग्राहकात अडकतो. तंतूचे टोक मात्र शाबूत राहते. म्हणून नागदंशात ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ देऊन मागोमाग निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ (प्रौढ व्यक्तीसाठी) दिले तर फटीतले ॲसिटिलकोलीन लवकर मोडत नाही, साठते, आणि पापण्या तासाभरात वर येताना दिसतात. मण्यारमध्ये पिशव्याच रित्या, मग साठणार काय? तिथे या औषधाचा उपयोग फारसा होत नाही. साप ओळखता आला नसेल तर एकदा देऊन पाहावे. तासाभरात फरक नसेल तर थांबावे. इंजेक्शनामागून इंजेक्शन देत राहून वेळ आणि लाळ दोन्ही वाढतात.

मेंदूचे काय? हे विष म्हणजे मोठी प्रथिने. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो तो अशा प्रथिनांना सहसा आत सोडत नाही. हृदय चालू राहते, कारण त्याचा ठोका त्याच्याच पेशींतून उठतो. नसेच्या हुकमाची त्याला वाट पाहावी लागत नाही. लंबमज्जेतले श्वासाचे केंद्रही जागेवर असते आणि दर काही सेकंदांनी ‘श्वास घे’ म्हणत राहते. तो हुकूम मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीतून श्वासपटलाकडे निघतो, पार शेवटच्या फटीपर्यंत पोचतो आणि तिथे मरतो. रुग्णाला गुदमरल्याचे कळत असते.

हे मानायला जड जात असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकावर केलेला प्रयोग पाहावा. दक्षिण अमेरिकेतले क्युरारे हे बाणाला लावायचे विषही याच फटीवर काम करते. बर्नार यांनी बेडकाच्या कमरेभोवती दोरा असा बांधला की मागच्या पायांचे रक्त बंद झाले पण नसा दोऱ्याबाहेर मोकळ्या राहिल्या. मग पुढच्या भागात विष टोचले. बेडूक लुळा पडला. आता त्याच्या लुळ्या पुढच्या पायाला चिमटा काढला, तर विष न पोचलेले मागचे पाय झटक्यात हलले. म्हणजे चिमटा मज्जारज्जूला कळला होता, उत्तरही निघाले होते; पुढच्या पायाला फक्त ते देता येत नव्हते. आम्ही भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधे याच फटीवर रोज वापरतो, आणि पहिला धडा असा शिकतो की झोपेचे औषध दिल्याशिवाय ती कधीही द्यायची नाहीत. नुसती ती दिली तर माणूस जागेपणी चिरला जाईल आणि ओरडताही येणार नाही. मण्यारच्या रुग्णाला लुळेपणाचे औषध सापाने दिलेले असते. झोपेचे कोणीच दिलेले नसते.

आता दंश ओळखण्याबद्दल. मण्यार (काही भागांत कांडर) रात्री फिरणारा साप. दात बारीक, चावल्यावर वेदना नाही, सूज नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. डास चावला म्हणून माणूस कूस बदलून झोपतो. पहाटे पोटात मुरडा, उलट्या, घशात काहीतरी अडकल्यासारखे. घरात ओवा दिला जातो, दवाखान्यात ॲसिडिटीचे इंजेक्शन. पावसाळ्याच्या दिवसांत, जमिनीवर झोपलेल्या, आदल्या रात्री ठणठणीत असलेल्या माणसाच्या पहाटेच्या पोटदुखीत पापण्यांकडे पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

पापण्याच आधी का? शरीरात प्रत्येक फटीपाशी मोठी राखीव असते. साधारण तीन चतुर्थांश ग्राहके अडली तरी स्नायूचे काम वरवर ठीक चालते, आणि नव्वद-पंचाण्णव टक्के अडली की पूर्ण बंद पडते. म्हणजे माणूस तासन् तास बरा दिसतो आणि मग बघता बघता ढासळतो. डोळ्यांच्या स्नायूंना सतत आणि अतिशय वेगाने हुकूम झेलावे लागतात, त्यांची राखीव कमी. श्वासपटलाची सर्वांत जास्त. त्यामुळे लुळेपणा वरून खाली उतरतो. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणे नाकात जाते, गिळता येत नाही आणि लाळ ओघळते, मान टाकली जाते, मग छातीच्या फासळ्यांमधले स्नायू आणि शेवटी श्वासपटल. चावल्यापासून पापण्या पडेपर्यंत अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कितीही वेळ लागतो, क्वचित त्याहून अधिक. म्हणून नुसत्या संशयावरही २४ तास नजरेखाली ठेवायचे.

यंत्राशिवाय तीन गोष्टी तपासता येतात आणि त्या दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहाव्यात. एक, डोके न हलवता मिनिटभर छताकडे बघायला सांगणे. पापण्या हळूहळू खाली घसरल्या तर विष चढते आहे. दुसरी, उशीवरून डोके उचलून पाच सेकंद धरायला सांगणे. तिसरी माझ्या मते सगळ्यांत कामाची आहे. खोल श्वास घेऊन एकाच दमात, सेकंदाला दोन या वेगाने, मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचे. निरोगी प्रौढ सहज २५-३० पर्यंत जातो. आकडा प्रत्येक वेळी घटत चालला, १५ च्या खाली आला, की श्वास बंद पडायची वाट पाहायची नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे भिस्त ठेवू नये. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर श्वास अर्धा झाला तरी आकडा ९७-९८ दाखवत राहतो, आणि दरम्यान रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. आकडा पडतो तेव्हा हातात मिनिटेच उरलेली असतात.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. सर्पदंश म्हटला की २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठले का पाहायचे, ही चाचणी केली जाते. घोणस आणि फुरशासाठी ती उत्तम. मण्यारमध्ये रक्त व्यवस्थित गोठते. ‘रक्त ठीक आहे, विष नाही’ असे सांगून मण्यारचा रुग्ण घरी धाडला जातो तो इथे.

प्रतिविषाबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. आपल्याकडे मिळते ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे एकत्र प्रतिविष. त्याचा एक मिली मण्यारचे ०.४५ मिग्रॅ विष निकामी करतो. पापण्या पडू लागल्या की १० कुप्या सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात द्यायच्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते. अंगावर गांधी, घरघर, रक्तदाब घसरणे दिसले तर थांबवून ॲड्रिनॅलिन ०.५ मिग्रॅ (प्रौढांना) मांडीच्या स्नायूत द्यायचे, सावरल्यावर पुन्हा सुरू करायचे. एक-दोन तासांनंतरही लुळेपणा वाढत असेल तर आणखी १०. त्यापुढे देण्यात अर्थ नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. तंतूच्या टोकात शिरलेल्याला हात लावू शकत नाही, आणि मोडलेले टोक परत जोडू शकत नाही. म्हणून ते लवकर द्यायचे. आणि म्हणूनच २० कुप्या संपल्या तरी रुग्ण हलत नाही, तेव्हा उपचार फसला असे समजायचे नाही. तंतूचे टोक नव्याने उगवून येते. त्याला दिवस लागतात, दोन-चार, कधी आठवडा. तेवढे दिवस दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न गावापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यात सुटतो किंवा बिघडतो. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, ऑक्सिजनचा वापर सुमारे वीस टक्के, साठा शून्य. श्वास थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. विषाने ज्या मेंदूला धक्का लावला नव्हता, तो जीपच्या मागच्या सीटवर गुदमरून जातो. गिळता येत नसलेल्या माणसाला उताणे निजवू नये. कुशीवर, तोंड जरा खाली. पाणी, औषध, काढा, काहीही तोंडातून नको. आवळपट्टी, चिरे, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. श्वास उथळ झाला की अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावायची. हनुवटी वर उचलून मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरायला एक माणूस, पिशवी दाबायला दुसरा. प्रौढाला दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब, छाती नुसती वर येताना दिसेल इतकाच. घाबरून भराभरा आणि पूर्ण पिशवी दाबली की हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. अँबू नसेल तर तोंडाने श्वास द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवायचे असेल आणि एका दमातला आकडा १५ च्या खाली असेल, तर श्वासनलिकेत नळी घालूनच गाडीत चढवावे. ते जमत नसेल तर अँबू दाबू शकणारी दोन माणसे सोबत हवीत. नुसती चिठ्ठी आणि सलाईनची बाटली देऊन गाडी सोडणे मला अक्षम्य वाटते.

अतिदक्षता विभागात वेगळाच धोका असतो. मण्यारच्या काही रुग्णांत डोळ्यांच्या बाहुल्याही रुंदावतात आणि टॉर्चला दाद देत नाहीत. डोळे फिरत नाहीत, खोकला नाही, घशातली नळी हलवली तरी उबळ नाही, वेदनेला प्रतिसाद नाही, व्हेंटिलेटर काढला तर श्वास नाही. मेंदू मृत असल्याच्या खाटेपाशी करायच्या सगळ्या चाचण्यांत तो नापास होतो, कारण त्या प्रत्येक चाचणीचे उत्तर स्नायूमार्फत द्यावे लागते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासल्याशिवाय मेंदूमृत्यू घोषित करता येत नाही, आणि स्नायू लुळे पाडणारे कोणतेही कारण आधी बाद करावे लागते. पण हे बंधन औपचारिक घोषणेला. ‘काही आशा नाही, घेऊन जा’ या तोंडी सल्ल्याला चार सह्या लागत नाहीत. अशा वेळी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला तर आत जागेपणीच्या लहरी दिसू शकतात. नातेवाइकांनी ईईजी काढलात का, एवढे तरी विचारावे.

या खाटेपाशी बोलताना तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे. त्याला नाव घेऊन सांगावे की साप चावला आहे, मशीन श्वास देते आहे, चार दिवसांत हात हलू लागतील. झोपेचे आणि वेदनेचे औषध द्यावे. पापण्या अर्धवट उघड्या राहतात, बुबुळ कोरडे पडून जखम होते, म्हणून मलम घालून चिकटपट्टीने मिटाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलावी, घशातली लाळ ओढावी. सुधारणेची पहिली खूण बोटाच्या किंवा भुवईच्या किंचित हालचालीत असते. ती दिसली की ‘हो’ला एकदा, ‘नाही’ला दोनदा, अशी खूण ठरवून घ्यावी. जो दिवसेंदिवस बोलू शकलेला नाही त्याला विचारण्यासारखे बरेच काही असते: थंडी वाजते का, कुठे दुखते का.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात म्हटले आहे. आराखडा आला की चर्चा प्रतिविषाच्या साठ्यावर होते. साठा हवाच. पण मण्यारपुरते बोलायचे तर प्रतिविषाच्या दहा कुप्या आणि न वापरल्याने रबर चिकटलेली अँबू बॅग कपाटात असणारे केंद्र मण्यारसाठी तयार नाही. प्रत्येक केंद्रात मोठ्या आणि लहान मास्कसह दोन अँबू, पावसाळ्यापूर्वी पुतळ्यावर परिचारिका, शिपाई आणि रुग्णवाहिकेचा चालक या तिघांचाही सराव, आणि भिंतीवर ‘एका दमात आकडे’ हा तक्ता, याला पैसा नगण्य लागतो. घरी सांगायचे तर खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या हव्यात, लोंबत्या सोडल्या तर साप आत येतोच.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. मण्यारच्या मृत्यूची बातमी देताना प्रतिविष मिळाले की नाही एवढेच विचारून थांबू नये. दवाखान्यात पोचला तेव्हा तो बोलत होता का, किती वाजता पुढे पाठवला, गाडीत अँबू होती का आणि ती कोण दाबत होते, हेही विचारावे आणि छापावे.

आपला,
एक भूलतज्ज्ञ